हळदीविना वरण

त्या हिवाळ्यात आमच्या घरच्या वरणात हळद पडली नाही. तुरीचं वरण शिजायचं, माय त्यात मीठ आणि चिमूटभर जिरं टाकायची, आणि ते पांढरट वरण आम्ही चौघं भाकरीसोबत खायचो. फोडणी बंद, ठेचा बंद, मायच्या हातची ती तेल सुटलेली वांग्याची भाजी तर अगदीच बंद. शेजारच्या क्वार्टरमधून लसणाच्या फोडणीचा वास आला की बाबा नाक वर करून म्हणायचे, "त्यांच्या घरी कावीळ नाही वाटते." कावीळ आमच्याही घरी नव्हती. कोणालाच झाली नव्हती. पण माझ्या धाकट्या बहिणीला, निमाला, कावीळ झाली होती असं आम्ही जगाला सांगितलं होतं, आणि मायचं म्हणणं असं की सांगितलं तर पाळावं लागते. एकटीच्या डब्यात पिवळं वरण नसेल आणि घरात असेल, तर शेजारीण वाटी घेऊन येईल त्या दिवशी काय दाखवायचं? म्हणून अख्ख्या घरानं कावीळ पाळली. मी सोडून. मी जेवायची तेच, पण प्रत्येक घासाला बोलायची. "हे खोट्याचं जेवण आहे," असं मी म्हणत असे, आणि माय म्हणायची, "मंग नोको खाऊ. भूक खरी असन तं खाशीन."

बाबा तिगाव स्टेशनवर पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचे आणि झेंडी दाखवायचे. स्टेशनाच्या मागं रेल्वेनं दिलेल्या दोन खोल्या, पुढं एक कडुनिंब, त्याखाली मायची चूल आणि पाण्याचा रांजण. इटारसीकडून मालगाडी आली की फळीवरची भांडी वाजायला लागायची. निमा लहानपणापासून त्या भांड्यांवरून गाडी ओळखायची. पितळी गडवा वाजला तर मालगाडी, नुसत्या वाट्या वाजल्या तर पॅसेंजर, आणि सगळी मांडणीच थरथरली तर न थांबणारी मोठी गाडी. पाहुणे आले की बाबा मुद्दाम तिला परीक्षेला बसवायचे. "निमे, कोणती व्हय?" ती भाकरीवरची नजर न काढता सांगायची, आणि चुकायची नाही. नववीत गेल्यावर त्या पावसाळ्यात ती सांगेनाशी झाली. बाबांनी विचारलं तरी नुसती पाहायची. मग जेवण कमी झालं, वेणी घालणं राहून जाऊ लागलं, शाळेचा गणवेश घालून ती दारात तासभर उभी राहायची आणि आमची पांढुर्ण्याची गाडी निघून जायची. माय म्हणाली, उपास करत असन. बाबा म्हणाले, अभ्यासाचं टेन्शन. मी काय म्हणाले, ते सांगायला लाज वाटते. मी काहीच म्हणाले नाही, कारण मी घरी नसायचीच. मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात होते आणि कॉलेजापेक्षा जास्त आमच्या मंडळात. आम्ही पत्रकं काढायचो. नळाच्या पाण्यावर काढलं, एसटीच्या फेऱ्यांवर काढलं, संत्र्याच्या बागांतल्या मजूर बायांच्या रोजीवर काढलं. जगातल्या प्रत्येक मुक्या माणसाचा आवाज मी होते. माझ्याच अंथरुणावर झोपणारी मुकी होत चालली ते मला दिसलं नाही.

इथे एक पान होतं. हे प्रकरण लिहून झाल्यावर मी सौंसरला निमाकडे गेले आणि सगळा गठ्ठा तिच्या हातात दिला. निमा हे तिचं खरं नाव नव्हे, तेही तिनंच निवडून दिलं. तिनं चष्मा लावला, खाटेवर पाय घेऊन बसली आणि दुपारभर वाचलं. एक पान काढून उशीखाली ठेवलं. "हे माहं आहे," म्हणाली. त्या पानात जे होतं त्यातलं एकच वाक्य लिहायची मला मुभा आहे: त्या दिवशी तिला जगायचं नव्हतं, आणि बाबांच्या सोबतीच्या एका गँगमननं तिला हाताला धरून घरी आणलं. त्या माणसानं मरेपर्यंत ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. तो अंगठेबहाद्दर होता. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते.

नागपूरच्या दवाखान्यात ती जवळपास दोन महिने होती. तिथले डॉक्टर वयानं मोठे, बोलायला हळू. त्यांनी बाबांना निघताना सांगितलं, "गोळ्या चालू ठेवा आणि शाळेत पाठवा. घरात बसवू नका. पण एकदम पूर्ण दिवस नाही. आधी अर्धा दिवस, एखादी ओळखीची बाई असेल तर तिच्या नजरेखाली." बाबांनी ते वाक्य ड्यूटीच्या हुकमासारखं पाठ केलं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते पांढुर्ण्याला जाऊन निमाच्या वर्गशिक्षिकेला भेटले. कुसुमबाई. त्या नागपूरच्या, विधवा, एकट्या राहायच्या आणि वर्गात छडी न आणता दरारा ठेवायच्या. रविवारी पॅसेंजरनं त्या स्वतः आमच्या घरी आल्या. मायनं पोहे केले. बाईंनी निमाला काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "तुझी जागा दाराजवळच्या बाकावर केली आहे. प्रार्थना झाल्यावर यायचं, मागच्या फाटकानं. जीव घाबरला की कंपासपेटी उभी ठेवायची. मी तुला ऑफिसातून खडू आणायला पाठवीन. रोज दहा वेळा खडू लागले तरी चालतील." निमा खाली पाहून म्हणाली, "बाई, पोरी पुसतीन." बाई म्हणाल्या, "कावीळ सांग. कावीळ दोन-तीन महिने पुरते."

मी तिथंच बसले होते आणि पेटले. "खोटं कायले सांगायचं? तिनं चोरी केली का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "शीला, दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी होती. तिच्या आईनं खरं सांगितलं. हेडसरांनी आठ दिवसांत दाखला हातात दिला. बाकीच्या मुलींवर परिणाम होतो म्हणाले."

"मंग हेडसरांविरुद्ध बोला ना तुम्ही! तुम्ही गप्प बसता म्हणून तं ते दाखले देऊन राहिले."

"शीले," बाबा म्हणाले.

"बोलू द्या तिला," बाई म्हणाल्या. "बरोबर बोलते आहे. पण मला सोमवारी निमा वर्गात पाहिजे."

पुन्हा हजर होण्याचा अर्ज घरातून जायचा होता. बाबांचं मराठी लिहिणं सहीपुरतं, म्हणून घरातले सगळे कागद मीच लिहायची. माझं अक्षर मोठं, टपोरं, पत्रकाच्या मथळ्यासारखं. बाबांनी मला कागद दिला आणि मी लिहिलं: मानसिक आजारामुळे गैरहजर. बाबांनी विश्वासानं सही केली, वाचलं नाही. सोमवारी बाईंनी तो अर्ज माझ्यासमोरच उघडला, चार तुकडे करून पर्समध्ये टाकला आणि दुसरा स्वतः लिहिला. मला बोलल्या नाहीत. मी मात्र आठ दिवस ते तुकडे डोक्यात जोडत बसले. माझं लिहिलेलं कोणी फाडलं असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आणि तरी ते जमून राहिलं होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. निमा माझ्यासोबत सकाळच्या गाडीनं यायची, माझ्या पदराला नव्हे पण ओढणीच्या टोकाला धरून. मागच्या फाटकाशी तिची मैत्रीण रेखा उभी असायची. पहिल्या दिवशी सात वेळा खडू लागले. दुसऱ्या दिवशी पाच. मधल्या सुट्टीत पोरी तिचा डबा पाहायच्या आणि हळहळायच्या. कोणी आवळा आणून द्यायची, कोणी मुळा. एका पोरीच्या आजीनं कावीळ उतरवायला मंतरलेली माळ पाठवली. ती माळ गळ्यात घालून निमा घरी आली, मायला म्हणाली, "माय, आता तं मलेच वाटून राहिलं का मले कावीळ झाली," आणि हसली. मायच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. किती महिन्यांनी ते हसणं ऐकलं होतं! बाबा बाहेर कडुनिंबाखाली उगीच जाऊन उभे राहिले. तेवढ्यात फळीवर वाट्या वाजल्या आणि निमा स्वतःहून म्हणाली, "पॅसेंजर. लेट हाये."

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं.

आज कोणी विचारलं की का, तर मी सांगेन की राग आला होता. त्या दाखला दिलेल्या अनोळखी मुलीसाठी आला होता, आणि तो राग खरा होता, आजही आहे. एखाद्या पोरीच्या मनाला ताप आला म्हणून शाळेनं तिला दार दाखवावं, याच्याविरुद्ध मी आजही पत्रक काढीन. पण मंडळात आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवली होती: नुसत्या मतानं पत्रक वाचत नाहीत, उदाहरण द्या, जवळचं द्या, लोकांना ओळखीचं वाटलं पाहिजे. म्हणून मी उदाहरण दिलं. नाव टाकलं नाही. नाव न टाकण्याचा मला केवढा अभिमान! मी लिहिलं: "तिगावच्या एका रेल्वे कामगाराची नववीत शिकणारी मुलगी. तिला कावीळ झाली नाही, तिचं मन आजारी पडलं. पण आज तिला फिकं वरण खाऊन शाळेत खोटं बोलावं लागतं. वेडं कोण, ती की शाळा?" तिगावात रेल्वे कामगारांची क्वार्टरं चार. नववीत शिकणारी मुलगी एक. हे मला छापखान्यात टाइप जुळवणाऱ्या माणसानंसुद्धा विचारलं होतं. "ताई, हे पोरगी ओळखू नाही येईन?" मी म्हटलं, "नाव कुठं आहे?" तो म्हणाला, "बरं बाप्पा," आणि टाइप लावायला लागला.

रविवारच्या बाजारात आम्ही ती वाटली. लोकांनी घेतली, घडी करून खिशात टाकली, काहींनी त्यावर भजी खाल्ली. काहीच झालं नाही. मला तर थोडा रागच आला की काही झालं नाही. उरलेला गठ्ठा मंडळाच्या खोलीत पडला होता, तो कोणीतरी रद्दीत दिला, आणि रद्दी गेली शाळेच्या फाटकाजवळच्या फुटाणेवाल्याकडे. पत्रकं काढणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला पाहिजे की कागद वाटला की संपत नाही. आमच्या गावात तर प्रत्येक कागदाची शेवटी पुडी होते, आणि पुडी रिकामी झाली की ती उलगडून वाचायची प्रत्येकाला सवय असते. निमालाही होती. मलाही आहे.

बुधवारी मधल्या सुट्टीत रेखानं फुटाणे आणले. दाराजवळच्या बाकावर चारपाच पोरी बसल्या होत्या. फुटाणे संपले, रेखानं पुडी उलगडली आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागली. "तिगावच्या एका रेल्वे कामगाराची..." इथवर वाचून तिला वाटलं गंमत आहे, म्हणून ती निमाकडे पाहून हसली आणि पुढं वाचत गेली. थांबायचं कुठं हे तिला कळलं तोवर फिक्या वरणाचं वाक्य वाचून झालं होतं. सगळ्या पोरींनी निमाच्या डब्याकडे पाहिलं. हे मला रेखानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं, रडत रडत, जणू गुन्हा तिचा होता. निमानं तोंडातला घास चावून गिळला. डबा बंद केला. कंपासपेटी उभी केली, पण बाई वर्गात नव्हत्या.

मी त्या दिवशी लवकर घरी आले होते. दुपारी बाबा स्टेशनावरून जवळजवळ धावत आले. त्यांनी मायला काही सांगितलं नाही, फक्त मला खुणेनं बोलावलं. आम्ही फलाटाच्या टोकाला गेलो. लांबून, पांढुर्ण्याकडून, लाइनच्या बाजूच्या खडीवरून निमा चालत येत होती. एवढी वाट पायी. बाबांच्या हातात अजून हिरवी झेंडी होती. ते हाक मारत नव्हते, मीही नाही. हाक मारली तर काय होईल हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ती रुळावर नव्हती, बाजूनं येत होती, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. डाउनची मालगाडी आमच्या पाठीमागून आली, धडधडत तिच्या अंगावरून जावी तशी जवळून गेली, आणि डब्यांची रांग संपेपर्यंत ती आम्हाला दिसली नाही. ते डबे किती होते ते मी सांगू शकत नाही. संपले तेव्हा ती तिथंच उभी होती, डोक्यावर ओढणी धरून. बाबा खाली बसले.

ती जवळ आली, बाबांना उठवलं, आणि माझ्या हातात ती पुडी दिली. तेलाचा डाग, मिठाचे कण.

"नाव नाही टाकलं मी," मी म्हटलं. देवाशपथ, हेच माझं पहिलं वाक्य होतं.

"हाव," ती म्हणाली. "नाव टाकलं असतं तं मी म्हटलं असतं, दुसरी कोणी निमा असन."

बाबा आयुष्यात माझ्यावर ओरडले नाहीत, तेव्हाही नाही. घरी जाताना एवढंच बोलले, "तू लिहिलं ते खरं आहे, शीले. पण माह्या पोरीचं होतं ते. तुहं नव्हतं."

त्या संध्याकाळी मायनं वरणात हळद टाकली. कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फुटाणेवाल्याकडे गेले. पत्रकं त्यानं तारेत ओवून टांगली होती, आणि एकेक फाडून तो पुडी वळत होता. मी म्हटलं, हे सगळं मला दे. तो म्हणाला, "मंग पुड्या कायच्या करू मी, माह्या पागोट्याच्या?" मी पिशवीतली इतिहासाची वही काढून त्याला दिली. त्यानं पानं चाचपून पाहिली, म्हणाला, "कागद बरा हाये तुहा." तो गठ्ठा मी मायच्या चुलीत घातला. पण जे बाजारात गेले ते गेलेच. हेडसरांनी दाखला देण्याची वेळच आली नाही. निमा गेलीच नाही. गणवेश खुंटीला, आणि ती पुन्हा दाराकडे पाठ करून निजलेली. गाड्या जात होत्या, भांडी वाजत होती, कोणी काही विचारत नव्हतं. मी मंडळात जाणं सोडलं. लोकांना वाटलं मला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप फार नंतर झाला. तेव्हा मला फक्त भीती वाटत होती, रोज संध्याकाळी, घरात शिरण्याआधी.

वाट पुन्हा कुसुमबाईंनीच काढली. त्यांनी तिला घरी येऊन शिकवलं, दर रविवारी, उन्हाळाभर. माझ्याशी त्या हवापाण्यापलीकडे बोलल्या नाहीत. सौंसरला आमची मावशी राहायची, तिथल्या शाळेत बाईंच्या ओळखीची एक शिक्षिका होती. जुलैत तिथं नववीतच नाव घालायचं ठरलं. अर्ज लिहायचा होता. बाई म्हणाल्या, मी लिहिते. निमा भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "नाही. ताई लिहीन."

बाबांनी कागद पुढं केला. मी पेन उघडलं आणि विचारलं, "काय लिहू?"

"तुले माहीत आहे."

"तू सांग. तू सांगशीन ते लिहीन."

"नाही," निमा म्हणाली. "मले नाही सांगायचं. तुले लिहायचं आहे."

मी माझ्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: काविळीमुळे गेल्या वर्षी शाळेत हजर राहू शकली नाही. पुष्कळ पत्रकं लिहिली, पण एकेक अक्षर असं जपून दुसरं काही लिहिल्याचं आठवत नाही. ती उठून आली, खांद्यावरून वाचलं, आणि म्हणाली, "वेलांटी चुकली." चुकली नव्हती. मी तरी अर्ज पुन्हा लिहिला.

सौंसरला पहिल्या दिवशी मीच तिला पोचवायला गेले. मावशीनं डबा दिला होता, फिकं वरण, कोरडी पोळी. मावशीलाही सगळं पाळायला सांगितलं होतं. फाटकाशी दोन वेण्यांची एक पोरगी उभी होती, तिनं निमाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "ही मोठी दिसते. नापास झाली का?"

निमानं माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी नाही. नुसतं पाहिलं.

"नाही वं," मी म्हटलं. "कावीळ झाली होती तिले. डोळे एकदम पिवळे झाले होते, हळदीसारखे. वर्ष गेलं बिचारीचं."

"अगं माय!" ती पोरगी म्हणाली, आणि तिनं निमाचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. दोघी आत गेल्या. मी अर्ध्या दिवसाची घंटा होईपर्यंत फाटकासमोरच्या ओट्यावर बसून राहिले.

निमा बाहेर आली ती घामानं भिजलेली, ओठ पांढरे. मी काही विचारलं नाही. आम्ही मावशीकडे जायच्या वाटेवरच्या स्टँडपर्यंत चालत गेलो. नागपूरची बस उभी होती, तिच्या सावलीतली उन्हाळ्याची रसवंती अजून उठली नव्हती, चरकाचे घुंगरू वाजत होते. तिथं आल्यावर ती थांबली.

"डोळे पिवळे कायले सांगितलं?" ती म्हणाली. "आता मले तेही ध्यानात ठेवा लागन."

"मीही ठेवीन," मी म्हटलं.

तिनं रसवाल्याला हात केला. काविळीच्या माणसानं उसाचा रस प्यायचा असतो. ती दोन गिलास प्याली, माझ्यासाठी सांगितला नाही, आणि दुसरा संपवून तोंड पुसत म्हणाली, "उद्या येशीन ना?"